मावशींचा प्रश्न

काही प्रश्न असे असतात की, विचारणारा ते विसरून जातो. पण ज्याला विचारले, त्याच्या घरी ते पाहुण्यासारखे येतात आणि मुक्काम ठोकून बसतात. माझ्याकडे असा एक प्रश्न गेली पंचवीसहून अधिक वर्षे राहायला आहे. तो एका इंग्रजी शब्दाविषयी होता. शब्द अगदीच लहान. मराठीत आपण तो ‘विथ’ असा लिहितो. इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकातच तो भेटतो. ‘विथ म्हणजे बरोबर, सह’ असा अर्थ आपण पाठ करतो आणि पुढे जातो. मीही तशीच पुढे गेले होते. मला मागे वळून पाहायला लावले ते मावशींनी.

गोष्ट 1999 सालची. मी तेव्हा वडोदऱ्यात राहत असे. गायकवाडांच्या राजवटीमुळे या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि कचेरीत हिंदी किंवा इंग्रजी असा त्यांचा दिवस चार भाषांतून जातो. मी मराठी विषय घेऊन एम. ए. झाले होते आणि दर रविवारी एका अभ्यासकेंद्रावर प्रौढ विद्यार्थ्यांना मराठी शिकवीत असे. वर्ग एका प्राथमिक शाळेच्या खोलीत भरे. बाके लहान मुलांची. त्यांत गुडघे कसेबसे कोंबून बसलेले माझे विद्यार्थी मात्र माझ्याहून वयाने मोठे असत. कोणी रिक्षा चालवी, कोणी शिंप्याच्या दुकानात काजे करी, कोणी कापडाच्या पेढीवर काम करी. पहिल्या बाकावर एक बाई बसत. वय चाळिशीच्या आसपास. त्या घरी पोळी-भाजीचे डबे करून देत. पहाटे चारला उठून, तीस-पस्तीस डबे भरून, ते रवाना करून त्या वर्गाला येत. त्यांच्या वहीच्या पानांना कधी कधी पिठाचा वास येई. सगळा वर्ग त्यांना ‘मावशी’ म्हणे. म्हणून मीही म्हणू लागले. त्या मला ‘बाई’ म्हणत.

एका रविवारी इंग्रजीचे शिक्षक आले नाहीत. केंद्रावरच्या मंडळींनी मला गळ घातली, ‘आजचा तास तुम्हीच घ्या.’ इंग्रजी हा माझाही दुखराच विषय. माझे सारे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. घरी वडिलांची तर्खडकरी भाषांतरमाला होती, तिच्या पिवळ्या पानांवर मी इंग्रजी गिरवले होते. वाचायला अडत नसे. पण इंग्रजीत कोणी काही विचारले की घसा कोरडा पडे. तरीही मी हो म्हटले. पुस्तकात त्या दिवशीचा पाठ होता तो नामांच्या आधी येणाऱ्या छोट्या शब्दांचा. मराठीत असे शब्द नामाच्या मागून येतात, आपण त्यांना शब्दयोगी अव्यये म्हणतो. ‘घरासमोर’, ‘झाडाखाली’, ‘आईबरोबर’. इंग्रजीत ते नामाच्या पुढे जाऊन उभे राहतात. एवढे सांगून मी फळ्यावर ‘विथ’ लिहिले, त्याखाली ‘बरोबर’ असे लिहिले आणि आपल्या घराविषयी चार वाक्ये करायला सांगितली.

मावशींनी चार वाक्ये केली. मी त्यांच्या बाकाशी गेले. ‘मी माझ्या सासूबरोबर राहते’, ‘मी माझ्या सासूबरोबर जेवते’, ‘मी माझ्या सासूबरोबर देवळात जाते’ अशा अर्थाची तीन वाक्ये त्यांनी इंग्रजीत नीट लिहिली होती. चौथे वाक्य त्यांना हवे होते ते ‘मी माझ्या सासूशी भांडते’ असे. तिथे त्यांनी जागा मोकळी सोडली होती. मी पेन्सिल घेऊन तिथेही ‘विथ’ लिहिले. मावशींनी वाक्य एकदा वाचले, दोनदा वाचले. मग मान वर करून त्या म्हणाल्या, “बाई, राहतेही विथ आणि भांडतेही विथ? एकच शब्द? बरोबर राहणे आणि उलटे उभे राहणे यांत काही फरकच नाही का त्यांच्याकडे?”

वर्ग हसला. तो चेष्टेने हसला नव्हता, मावशींच्या सांगण्याच्या ढंगाला हसला होता. पण मला वाटले की, तो मला हसतो आहे. उत्तर मला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नाही, हे सांगण्याचे धैर्य माझ्याजवळ नव्हते. मी जरा कोरडेपणाने म्हणाले, “इंग्रजीत असेच असते, मावशी. त्यात ‘का’ विचारायचे नसते. पाठ करून टाका.” मग त्या चारही वाक्यांखाली मी लाल शाईने ‘बरोबर’ असा शेरा लिहिला आणि पुढच्या बाकाकडे वळले.

मावशींनी वही मिटली. त्या रागावल्या नाहीत. पुढच्या रविवारी आल्या, त्याच्या पुढच्याही रविवारी आल्या. फक्त त्यांनी पुन्हा कधी काही विचारले नाही.

ही गोष्ट मला जाणवायला बरेच महिने लागले. वर्गात गडबड कमी झाली म्हणून आरंभी मी खूषच होते. एके दिवशी समास शिकवताना सवयीने मी पहिल्या बाकाकडे पाहिले. पूर्वी अशा वेळी मावशींचा हात हमखास वर जात असे. आता त्या मान खाली घालून मी सांगेन ते निमूटपणे उतरून घेत होत्या. शाळा लहानपणी सुटली तेव्हा ज्यांना पुन्हा पाटीकडे यायला तीस वर्षे लागली, त्यांना गप्प करायला माझे एक वाक्य पुरले होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

पुढे मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊ लागले, तेव्हा तिथे संदर्भविभागात ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश होता. 1989 साली निघालेली त्याची दुसरी आवृत्ती; वीस जाडजूड खंड. या कोशाची रीत अशी की, तो शब्दाचा केवळ अर्थ देऊन थांबत नाही. तो शब्द कोणत्या शतकात कोणी कसा वापरला, त्याचा अर्थ कसकसा पालटत गेला, हे सारे दाखल्यांसह सांगतो. ‘विथ’ अर्थातच शेवटच्या खंडात होता. एवढ्याशा शब्दासाठी किती पाने खर्ची पडली आहेत, हे पाहूनच मी चकित झाले. शेजारी इंग्रजी-मराठी कोश उघडून ठेवला आणि हळूहळू वाचीत गेले. एका बैठकीत ते संपले नाही. अनेक दुपारी त्यात गेल्या.

पहिल्याच दुपारी मला धक्का बसला. आज ज्या शब्दाचा अर्थ आपण ‘बरोबर’ असा करतो, त्याचा मूळ अर्थ होता ‘विरुद्ध’, ‘समोर’.

सुमारे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला ‘जुनी इंग्रजी’ म्हणतात. ती आजच्या इंग्रजी माणसालाही शिकल्यावाचून कळत नाही. त्या भाषेतले ‘बेओवुल्फ’ नावाचे एक मोठे वीरकाव्य आहे. त्यातला नायक ग्रेंडेल नावाच्या राक्षसाशी झुंजतो. तो ज्याच्या विरुद्ध उभा ठाकतो, त्याच्या नावाआधी ‘विथ’ येतो. त्या काळची वैद्यकाची हस्तलिखितेही उपलब्ध आहेत. त्यांतल्या कितीतरी उपायांच्या मथळ्यांचा आरंभ ‘विथ’ने होतो आणि पुढे दुखण्याचे नाव येते. अंगात एकाएकी सुरी खुपसल्यासारखी उसण भरते, तिच्यावरचा एक मंत्रोपचार तर प्रसिद्धच आहे. तोही असाच सुरू होतो. आपण ‘डोकेदुखीवर औषध’, ‘खोकल्यावर काढा’ असे म्हणतो. आपला ‘वर’ तिथे जे काम करतो, तेच त्या काळी ‘विथ’ करीत असे. दुखण्याच्या विरुद्ध उभा केलेला शब्द तो!

मग ‘बरोबर’ या अर्थासाठी त्या लोकांकडे कोणता शब्द होता? तो होता ‘मिड’. जर्मन भाषेत आजही ‘बरोबर’ला ‘मिट’ म्हणतात. तो याचाच भाऊ. म्हणजे मावशींना जो भेद हवा होता, तो जुन्या इंग्रजीत होता. सासू‘मिड’ राहायचे आणि सासू‘विथ’ भांडायचे, अशी तिथे सोय होती. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात मावशींचे वाक्य कोणी लिहिले असते, तर तिला दोन ठिकाणी दोन शब्द मिळाले असते.

पुढे मात्र पारडे फिरले. साधारण बाराव्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंतच्या काळात ‘विथ’ने ‘मिड’ची जागा बळकावली. एकाएकी नव्हे, हळूहळू. घरात आलेल्या पाहुण्याने आधी ओसरी, मग माजघर आणि अखेर देवघरही आपले म्हणावे, तसे हे घडले. ‘मिड’ भाषेतून जवळजवळ नाहीसा झाला. त्याची एकच ठळक खूण मागे उरली. सुईणीला इंग्रजीत ‘मिडवाइफ’ म्हणतात. या शब्दातला ‘मिड’ म्हणजे ‘मधला’ नव्हे. तो हाच जुना ‘बरोबर’. आणि त्यातला ‘वाइफ’ म्हणजे पत्नी नव्हे. त्या काळी त्या शब्दाचा अर्थ नुसताच ‘बाई’ असा होता. बाळंतिणीच्या बरोबर असणारी बाई, ती मिडवाइफ. एखादे घराणे बुडावे आणि त्यांचे नाव केवळ एका विहिरीला उरावे, तसा हा ‘मिड’ सुईणीच्या नावात उरला आहे.

असे का घडले असेल? अभ्यासक याची काही कारणे सांगतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावर आठव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तरेकडच्या समुद्रपार लोकांच्या धाडी येऊ लागल्या. 793 साली लिंडिसफार्न बेटावरील मठ त्यांनी लुटला, ती तारीख इतिहासात नोंदलेली आहे. हे लोक आरंभी लुटायला आले आणि पुढे उत्तर व पूर्व इंग्लंडात वस्ती करून राहिले. शेती केली, सोयरिकी केल्या. त्यांची भाषा इंग्रजीच्या नात्यातलीच होती. तिचे कितीतरी शब्द इंग्रजीत मिसळले. अंडे, आकाश, खिडकी, सुरी, नवरा, कायदा यांना आज जे रोजचे इंग्रजी शब्द आहेत, ते याच लोकांनी आणलेले. त्यांच्या भाषेतही ‘विथ’चा एक भाऊ होता. त्याचा अर्थ ‘विरुद्ध’ असा होता, तसाच ‘जवळ’ आणि ‘सह’ असाही होता. शिवाय धर्माची आणि विद्येची भाषा असलेल्या लॅटिनमध्ये सोबतीला आणि लढण्याला एकच अव्यय चाले. या दोहोंच्या वळणाने इंग्रजी ‘विथ’चा अर्थही वळला असावा, असे मानतात. जे लोक शत्रू म्हणून समोर आले, ते शेजारी म्हणून जवळ राहिले. आणि शब्दाचा अर्थही ‘समोर’वरून ‘शेजारी’ आणि ‘शेजारी’वरून ‘सोबत’ असा सरकत गेला.

तरी मूळ स्वभाव सगळाच जात नाही. ‘विथस्टँड’ म्हणजे टक्कर देणे, तग धरणे. शब्दशः ‘विरुद्ध उभे राहणे’. ‘विथहोल्ड’ म्हणजे रोखून धरणे, देण्याचे टाळणे. ‘विथड्रॉ’ म्हणजे मागे घेणे, काढून घेणे. बँकेतून पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर हा शब्द छापलेला असतो. तेथे सोबतीचा लवलेशही नाही. ‘विदाउट’ हा शब्द तर मला फारच गमतीचा वाटला. आज त्याचा अर्थ ‘वाचून’, ‘शिवाय’ असा होतो. पण मूळ अर्थ ‘बाहेरच्या बाजूस’ असा होता. घराच्या बाहेर जे आहे ते आपल्याजवळ नाही. म्हणून बाहेर असणे म्हणजे नसणे, असा तो अर्थ पालटत गेला.

याहून मोठे आश्चर्य पुढे होते. विल्यम जोन्स या इंग्रज पंडिताने 1786 साली कलकत्त्यात एक व्याख्यान दिले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमध्ये इतके साम्य आहे की, त्या एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात, असे त्याने त्यात सांगितले. तेव्हापासून भाषांच्या या मोठ्या कुळाचा अभ्यास सुरू झाला. इंग्रजीही त्याच कुळातली. अभ्यासकांच्या मते ‘विथ’ या शब्दाच्या मुळाशी जो अंश आहे, तोच आपल्या संस्कृतातला ‘वि’ हा उपसर्ग. ‘वियोग’, ‘विलग’, ‘विभाजन’ यांतला ‘वि’. त्याला ‘अधिक’ या अर्थाचा ‘तर’ हा प्रत्यय लागून वेदांच्या भाषेत ‘वितरम्’ असा शब्द होतो. त्याचा अर्थ ‘अधिक दूर’. ‘विथ’ हा त्याच्याच घरचा. आज जो शब्द माणसे जोडतो, तो जन्माने दुरावा सांगणारा आहे!

ते वाचून मी कोश मिटला आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. मग एकेक आपले शब्द मनात येऊ लागले. ‘विवाह’ या शब्दाच्या आरंभीही हाच ‘वि’ आहे. मुलीला तिच्या माहेरापासून दूर नेणे, हा त्याचा मूळ अर्थ. आज आपण त्यात फक्त मीलन पाहतो. ज्या आईने मुलगी दिली तिला मात्र त्या शब्दाचा पहिला अर्थ कोशावाचून कळतो. व्याकरणातली ‘विभक्ती’ पाहा. शब्दशः तिचा अर्थ ‘वाटणी’, ‘वेगळे करणे’ असा आहे. पण वाक्यातले शब्द एकमेकांना बांधण्याचे काम तीच करते.

आणि विभक्तीचे नाव मनात येताच माझी मलाच लाज वाटली. तृतीया विभक्तीचे प्रत्यय ‘ने, ए, शी’ हे मी वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेत आले होते. त्यातला ‘शी’ काय करतो? मैत्री ‘तिच्याशी’ होते आणि वैरही ‘तिच्याशी’च होते. लग्न ‘त्याच्याशी’ होते आणि भांडणही ‘त्याच्याशी’च होते. शत्रूशी लढतात आणि शत्रूशीच तह करतात. ‘गाठ’ हा एकच शब्द घ्या. लग्नात नवऱ्याच्या उपरण्याशी नवरीच्या शेल्याची गाठ बांधतात. आणि दम भरताना आपण म्हणतो, ‘लक्षात ठेव, गाठ माझ्याशी आहे!’ शेजारच्या भाषांची तऱ्हाही वेगळी नाही. हिंदीत ‘उससे’ प्रेमही करतात आणि झगडाही करतात. वडोदऱ्याच्या बाजारात रोज कानी पडणारा गुजराती ‘साथे’ सोबतीलाही चालतो आणि भांडणालाही चालतो.

मावशींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी वीस खंडांच्या कोशापाशी गेले होते. ते उत्तर त्यांच्या आणि माझ्या जिभेवर, आमच्याच भाषेत होते. “मावशी, आपण ‘सासूशी बोलते’ म्हणतो आणि ‘सासूशी भांडते’ म्हणतो. आपल्या ‘शी’सारखाच त्यांचा ‘विथ’ आहे,” एवढे मी त्या रविवारी सांगू शकले असते. मी मराठीची एम. ए. होते. पण प्रश्न इंग्रजीचा आहे, असे समजून मी घाबरले आणि आपल्या भाषेकडे वळून पाहिलेच नाही.

अर्थात मराठीची श्रीमंती वेगळी आहे, हेही मला त्या दुपारी उमगले. इंग्रजीत एकटा ‘विथ’ जेवढी कामे करतो, तेवढ्यांसाठी आपल्याकडे माणसे नेमलेली आहेत. आई‘बरोबर’ जावे, मैत्रिणी‘शी’ बोलावे, विळी‘ने’ भाजी चिरावी, आनंदा‘ने’ गावे, थंडी‘ने’ कुडकुडावे, हिरव्या काठां‘ची’ साडी नेसावी, साखर ‘घालून’ चहा प्यावा, दार ‘उघडे ठेवून’ झोपावे आणि माझ्या‘जवळ’ सुटे पैसे नाहीत, असे म्हणावे. या सर्व ठिकाणी इंग्रजी माणूस ‘विथ’ म्हणू शकतो. म्हणून ‘विथ म्हणजे बरोबर’ असे पाठ केले की, विद्यार्थी ‘विळीबरोबर भाजी चिरली’ असे भाषांतर करून बसतो. आणि एखादा सैनिक अमक्या पलटणी‘विथ’ लढला, असे वाक्य आले, तर तो तिच्या बाजूने लढला की तिच्याविरुद्ध, हे मागचेपुढचे वाचल्याशिवाय इंग्रजालाही सांगता येत नाही. मराठीत ‘पलटणीशी लढला’ आणि ‘पलटणीबरोबर राहून लढला’ यांत घोटाळा होत नाही.

आपला ‘बरोबर’ हाही मूळचा इथला नव्हे. तो फारसीतून आला. फारसीत ‘बर’ म्हणजे छाती. छातीला छाती लावून, एका ओळीत उभे राहणे, ते ‘बराबर’. त्यावरून ‘सारखा’, ‘समान’ हा अर्थ आला. मराठीत तो ‘सोबत’ या अर्थाने रुळला आणि ‘अचूक’ या अर्थानेही रुळला. तो ‘सोबत’ शब्दही अरबीतून फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आला आहे. इतक्या दूरदूरच्या प्रदेशांतून आलेल्या शब्दांनी आपण आपल्या माणसांची जवळीक सांगतो. मावशींच्या चार वाक्यांखाली मी लाल शाईने लिहिलेला ‘बरोबर’ मला तेव्हा आठवला. वाक्ये बरोबर होती. मी मावशींच्या बरोबर नव्हते, समोर होते. आणि तेही फळ्याच्या आडोशाने.

मावशी मला पुन्हा भेटल्या त्या 2003 साली, मांडवीजवळच्या बाजारात. त्यांनी दरम्यान एकेक विषय सोडवीत दहावी पूर्ण केली होती. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून त्यांनी आपणहून ते सांगितले. सासूबाई आता अंथरुणाला खिळल्या होत्या. डबे निम्म्यावर आणले होते, कारण दिवसातून चार वेळा त्यांना उठवून बसवावे लागे. मी म्हणाले, “मावशी, तुम्ही मला एकदा एक प्रश्न विचारला होता.” त्यांना तो चटकन आठवेना. मी आठवण दिली. मग भर बाजारात, दुधी आणि वालाच्या शेंगांच्या ढिगाशेजारी उभी राहून मी त्यांना ‘विथ’ची सगळी हकिकत सांगितली. आधी विरुद्ध, मग समोर, मग शेजारी, मग सोबत. ‘मिड’ कसा गेला, सुईणीच्या नावात कसा उरला, तेही सांगितले. आपल्या ‘शी’चेही सांगितले.

मावशींनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “समोर आल्याशिवाय भांडता येत नाही आणि जवळ आल्याशिवाय राहता येत नाही. भांड्याला भांडे लागते ते एका फळीवर असते म्हणूनच. एवढे मला कळते. पण बाई, हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितले?”

“मला तेव्हा ठाऊक नव्हते, मावशी.”

“मग तसे म्हणायचे होते,” त्या सहज म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दोष देण्याचा सूर नव्हता. “मला वाटले, प्रश्नच खुळा आहे. आपल्याला कळत नाही म्हणून असले काहीतरी सुचते, असे वाटले. मग विचारायचेच सोडून दिले.”

यावर मला काही बोलता आले नाही. मी त्यांचा हात हाती घेतला. त्या हसल्या, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, “निघते आता. औषधाची वेळ झाली. उशीर झाला, तर म्हातारी माझ्याशी भांडेल.” आणि त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे शिकवले. पाठ्यपुस्तकांच्या कामातही थोडाफार हातभार लावला. एक सवय मात्र त्या भेटीनंतर लावून घेतली. वर्गात कोणी असे काही विचारले की, ज्याचे उत्तर मजजवळ नाही, तर मी स्पष्टपणे म्हणते, “मला ठाऊक नाही. पुढच्या वेळी शोधून सांगते.” पहिल्या वेळी हे म्हणताना जीभ अडखळली होती. आता अडखळत नाही. गंमत अशी की, हे ऐकल्यावर विद्यार्थ्यांचे प्रश्न कमी होत नाहीत, वाढतात. कोणी आपल्या बोलीतला दाखला देतो, कोणी कन्नड किंवा तेलुगूतला देतो. उत्तर कधी कोशात सापडते, कधी बाकावरच सापडते.

हा पाठ वाचणाऱ्यांपैकी काहीजण दिवसभराचे काम उरकून पुस्तक उघडत असतील. कोणाच्या वहीला पिठाचा वास येत असेल, कोणाच्या बोटांना तेलाचा. वाचताना ‘हे असे का?’ असे आपल्या मनात आले, तर तो प्रश्न समासात लिहून ठेवा आणि शिक्षकांना विचारा. शिक्षकांना उत्तर ठाऊक नसेल, तर दोघे मिळून शोधा. प्रश्न विचारणारा शिक्षकाच्या समोर उभा असतो हे खरे. पण तिथून त्याच्या शेजारी यायला एकच पाऊल लागते. एका लहानशा इंग्रजी शब्दाला त्यासाठी काही शतके लागली. मला चार वर्षे लागली.